महाविद्यालयाच्या आवारात मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरे टिकावीत यासाठी नेमके काय करावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि यंदापासून आवाराची देखभाल पाहणाऱ्या समितीचे कामही माझ्याकडे आले आहे. आवार २२ एकरांचे आहे. पुढच्या बाजूला हिरवळ, दुरंट्याची छाटलेली कुंपणे आणि बोगनवेल. मागच्या बाजूला वसतिगृहे आणि त्यांच्या पलीकडे थेट उसाची शिवारे. परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी आवारात काहीतरी करावे असे समितीने एकमताने ठरवले, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु काय करावे याविषयी ज्या सूचना आल्या, त्यांपैकी कोणती स्वीकारावी हे मला उमगत नाही.

पहिली सूचना इटालियन मधमाश्यांच्या २० पेट्या विकत घेण्याची आहे. दुसरी, कासच्या पठारावरील फुलांचे बी मिळवून ते क्रीडांगणाच्या कडेने टाकण्याची. तिसरी खरे तर तक्रार आहे: ग्रंथालयाच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लागले असून परीक्षा सुरू होण्यापूर्वी ते जाळून काढावे, असा आग्रह अनेकांनी धरला आहे.

माझ्या मनात हा विषय वेगळ्याच कारणाने घोळतो आहे. क्रीडांगणाच्या पश्चिमेला पडीक जागेचा एक पट्टा होता. पावसाळ्यानंतर तेथे कुर्डू, टाकळा, एकदांडी असे बरेच काही फुलत असे आणि मी विद्यार्थ्यांना फुलपाखरे दाखवायला तेथेच नेत असे. गेल्या दिवाळीपूर्वीच्या स्वच्छतेत त्या पट्ट्यावर तणनाशक फवारले गेले आणि त्यानंतर तेथे पाहण्यासारखे काही उरले नाही. शिवाय मुलींच्या वसतिगृहामागे मावशींनी लावलेल्या भोपळ्याच्या वेलांना फुले भरपूर येतात, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असे मला वाटते. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सडा आणि शिवार

मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात अनेक वर्षे कीटकशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर भोपळ्याच्या वेलापासून सुरू करतो, कारण आपल्या आवारातील सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार तोच आहे.

भोपळ्याची नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी असतात. ती पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटतात, म्हणजे माशीला काम करायला सकाळचे मोजकेच तास मिळतात. मादी फुलावर पुरेसे पराग पोहोचले नाहीत, तर मागची छोटी फुगीर फळकळी पिवळी पडून गळते. मात्र फळमाशीमुळे किंवा पाण्याच्या ताणानेही फळे गळतात, म्हणून निष्कर्षाची घाई करू नये. विद्यार्थ्यांना सकाळी सात वाजण्याच्या आत वेलाजवळ न्यावे, काही मादी फुलांना नर फुलातील पराग हाताने लावून त्यांच्या देठांना दोरा बांधावा आणि बाकीची फुले तशीच सोडावीत. दोरा बांधलेली फळे धरली आणि इतर गळाली, तर आवारात परागीभवन कमी पडते आहे याचा पुरावा आपल्या हाती येईल. समितीपुढे मांडायला याहून स्वस्त आणि याहून स्पष्ट प्रयोग मला माहीत नाही.

आता आवाराच्या बाहेर पाहू. ऊस कांडीपासून लावतात, हळद गड्ड्यांपासून लावतात, आणि आपल्याकडच्या द्राक्षाला फळधारणेसाठी माशीची गरज जवळजवळ नसते. म्हणजे सांगलीच्या शिवारात ज्या तीन पिकांवर घरे चालतात, त्यांतले एकही माशीवर अवलंबून नाही आणि माशीला पोटभर अन्नही देत नाही. पूर्वी बांधावर बोर, बाभूळ, करंज, हिवर असायचे; रुंद बांध गेले आणि त्यांच्याबरोबर तीही गेली. अशा परिस्थितीत २२ एकरांचे आवार कीटकांच्या दृष्टीने बेटासारखे असते. तेथे बारमाही फुलोरा असेल तर आसपासच्या माश्या तग धरतील आणि नसेल तर २० पेट्या आणूनही उपयोग होणार नाही, कारण पेटीबरोबर माशी येते, तिचे अन्न येत नाही.

माझ्या मते आपल्या समितीच्या विचारातील मूळ चूक येथेच आहे. आपण 'मधमाशी' हा एकच शब्द वापरतो, पण जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी मध साठवणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत. आपल्या आवारात आग्या, सातेरी आणि फुलोरी या मध साठवणाऱ्या माश्यांखेरीज एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या असतील. बांबूत किंवा वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा हा त्यांपैकीच. वांगे आणि टोमॅटो यांच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असते आणि फूल धरून अंग थरथरवल्याखेरीज त्यातून पराग नीट बाहेर पडत नाहीत. हे काम भुंगा करतो, निळ्या पट्ट्यांची माशी करते, पेटीतली मधमाशी करत नाही. गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखे गोल काप दिसले, की आपले माळी रोग समजून औषध मारतात. प्रत्यक्षात ते पानकापी माशीचे काम असते. ती त्या तुकड्यांनी आपल्या पिल्लांची खोली मढवते आणि त्यामुळे झाडाचे काहीही बिघडत नाही.

या एकट्या माश्यांपैकी बहुसंख्य जमिनीत बिळ करून राहतात. त्यांना उघडी, उन्हात तापणारी, न खणलेली जमीन लागते. आपण मात्र हल्ली दिसेल त्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवतो, हे पाहून मला मनस्वी वाईट वाटते. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना जी बारीक छिद्रे दिसत, त्यांतही या माश्या नांदत असत. त्या भिंती पडल्या आणि तो आसराही गेला. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून क्रीडांगणाच्या कडेला पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे उतार असलेला, मुरूम आणि पोयटा मिसळलेला दोन-अडीच फूट उंचीचा बांध घालावा आणि त्यावर हिरवळ लावण्याचा मोह टाळावा. त्याच्या शेजारी वाळके ओंडके आणि एका टोकाला बंद असलेल्या बांबूच्या नळ्या पावसापासून आडोसा करून ठेवाव्यात.

झाडे निवडताना फुलाच्या शोभेपेक्षा महिना पाहावा. उन्हाळ्यात कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा आणि शिरीष यांचा आधार असतो. चिंच पावसाच्या तोंडावर फुलते. खरी ओढ पावसाळ्यात लागते. त्या वेळी खैर, हिवर, बाभूळ आणि पुढे बोर यांच्यावर कीटकांचा भार असतो आणि नेमकी हीच काटेरी झाडे आवारातून हद्दपार होतात. हिवाळ्यासाठी दुरंट्याऐवजी अडुळसा आणि कोरांटी यांची कुंपणे लावावीत. सतत छाटलेल्या दुरंट्याला फुलायला सवडच मिळत नाही म्हणून तो कीटकांच्या उपयोगी पडत नाही. अडुळशाला गुरे तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागते आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे येतात. शेवगा हाताशी हवाच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची आपल्याला सवय असते. निदान निम्म्या तरी फुलू द्याव्यात. दुहेरी पाकळ्यांच्या गुलाबात बहुतेक पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि तशा झेंडूत मधल्या नळीसारख्या बारीक फुलांची जागा पाकळ्यांसारख्या फुलांनी घेतलेली असते, म्हणून त्यांच्या वाफ्यांना कीटकांची बाग म्हणणे बरोबर नाही. आपल्या आवारात पिचकारीची, म्हणजे आफ्रिकन ट्यूलिपची झाडे असतील तर नवीन लावू नयेत. तिच्या फुलांत मेलेल्या माश्या सापडतात.

कासविषयी थोडक्यात सांगतो, कारण या सूचनेने मला अस्वस्थ केले. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथील वनस्पती जांभ्या कातळावरच्या इंचभर मातीत, धुवाधार पावसात आणि धुक्यात वाढतात. सांगलीच्या काळ्या रानात त्या रुजणार नाहीत आणि तेथून बी उचलणे हा त्या पठारावर अन्याय होईल. आपल्या पश्चिमेच्या पट्ट्यात जे कुर्डू आणि जो टाकळा फुलत होता, तोच आपला सडा, म्हणजे आपले फुलांचे पठार, समजावा. त्यांचे बी मातीत अजून असण्याची शक्यता बरीच आहे. एक पावसाळा त्या जागेला हात न लावता पाहावे.

माणदेशी बागाईतदार

मी आटपाडी तालुक्यात डाळिंब करतो. सरांनी ऊस, हळद आणि द्राक्षांबद्दल लिहिले ते खरे आहे. परंतु आमच्या माणदेशात चित्र वेगळे आहे. डाळिंबाला माशी फिरली तर सेटिंगमध्ये, म्हणजे फळ धरण्यात, स्पष्ट फरक दिसतो आणि म्हणून आमच्यापैकी कित्येक जण बहाराच्या दिवसांत भाड्याने पेट्या आणतात. कांद्याचे बी धरणाऱ्याला तर माशीशिवाय गत्यंतरच नाही.

पेट्यांविषयी माझा अनुभव लिहितो. पेटी हे जनावर पाळण्यासारखे काम आहे. फुले संपली की साखरेचा पाक द्यावा लागतो, मुंग्या आणि मेणकिडा यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, उन्हाळ्यात सावली आणि जवळ पाणी लागते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बागेत सकाळी दहा वाजता, ऐन फुलोऱ्यात, कीटकनाशकाची फवारणी झाली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या सहा पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला. त्या शेजाऱ्याला दोष देऊन काही मिळाले नसते. आम्ही दोघांनी बसून फवारणी सूर्यास्तानंतरच करायची असे ठरवले आणि ते आजपर्यंत पाळले आहे. आपल्या आवाराला चहूबाजूंनी दुसऱ्यांची शेते आहेत. त्या शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय पेट्या आणू नयेत. शिकवण्यासाठी हवीच असेल, तर सातेरीची एखादी पेटी पुरे. ती आपली स्थानिक माशी आहे.

मधपाळ

आग्या मोहोळाबद्दल लिहिण्यासाठी खाते उघडले आहे. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घेऊन मी मधपाळाचा व्यवसाय करतो. त्याच परिसरातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. आमच्याकडे मोहोळाची भीती आणि मोहोळाचा आदर या दोन्ही गोष्टी घरात लहानपणापासून शिकवतात.

मॅडम, कृपया ते मोहोळ जाळू देऊ नका. आग्या माशी एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते आणि हजारो माश्या त्यावर पडद्यासारख्या बसून पिल्लांचे ऊन-पावसापासून रक्षण करतात. ही माशी स्थलांतर करते. त्या भागातला फुलोरा सरला आणि पावसाळा जवळ आला, की ती पोळे रिकामे टाकून निघून जाते. तीच वसाहत पुढच्या हंगामात पुन्हा त्याच जागी येते, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. म्हणून जाळल्याने ती जागा कायमची मोकळी होईल, अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. रात्री पलिता लावला की बऱ्याचशा माश्या मरतात आणि उरलेल्या दिव्यांच्या उजेडाकडे, म्हणजे वसतिगृहाच्या खिडक्यांकडे धावतात. अपघात घडतात ते बहुधा अशाच वेळी.

भीती मात्र निराधार नाही आणि ज्यांनी तक्रार केली त्यांना हसण्यावारी नेऊ नये. आग्या माशी चावली की अनेक माश्या मिळून चावतात. एका माशीने डंख मारला की तेथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो वास इतर माश्यांना हल्ल्याची खूण देतो. म्हणून पोळ्याखालची ये-जा दोरी बांधून बंद करावी, विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाचे दुसरे दार उघडावे आणि मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावावा. दगड मारणे, खाली कचरा पेटवणे, फटाके उडवणे, स्नेहसंमेलनासाठी ड्रोन फिरवणे हे सर्व कटाक्षाने टाळावे. पोळ्याजवळच्या खिडक्यांना जाळी बसवावी आणि त्या बाजूचे बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवावेत. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत, माशी चिरडू नये, चेहरा झाकून बंद खोलीत जावे. डंख नखाने खरवडून लगेच काढावा. पुष्कळ डंख लागले असतील, श्वास लागत असेल, किंवा चेहरा सुजला असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

परीक्षेचे वेळापत्रक आणि मोहोळ जाण्याची वेळ जुळत नसेल, आणि पोळे खरोखरच अडचणीच्या जागी असेल, तर प्रशिक्षित माणसाकडून माश्या न मारता ते हलवून घ्यावे. कंत्राट देताना 'न मारता' हे शब्द लेखी असावेत.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. भोपळ्याचा प्रयोग आम्ही कालपासून सुरू केला. आठ विद्यार्थिनी सकाळी साडेसहाला वेलाशी हजर होत्या आणि त्यांनी चौदा फुलांना दोरे बांधले. ग्रंथालयाचे मागचे दार उघडण्यास प्राचार्यांनी मान्यता दिली आहे.

दोन अडचणी उरतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने आवारात धुराची फवारणी होते. ती थांबवा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि पश्चिमेचा पट्टा न कापता ठेवला, तर तपासणीला येणारे लोक त्याला गबाळेपणा म्हणतील, अशी सहकाऱ्यांची रास्त शंका आहे.

सडा आणि शिवार

धूर पूर्णपणे थांबवा असे मीही म्हणणार नाही, रुग्ण आढळले तर तो निर्णय आरोग्य खात्याचा असतो. मात्र धुराने उडणारे डास मरतात आणि पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. वसतिगृहांतील पिंपे, कूलर आणि गच्चीवरचे टाकाऊ टायर दर शनिवारी रिकामे करण्याची जबाबदारी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी घेतली आणि टाक्यांत गप्पी मासे सोडले, तर धुराची मागणीच कमी होईल. पतंगांसाठीही हे महत्त्वाचे आहे. दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर रात्रीचे पतंग येतात; नेमक्या त्याच वेळी धुराची गाडी फिरते.

पट्ट्याबद्दलची शंका खरी आहे आणि तिच्यावर उपाय सोपा आहे. पट्ट्याच्या चारही कडांनी तीन फूट रुंदीचे गवत नीट कापून ठेवावे आणि मधून एक पायवाट काढावी. कडा नेटक्या असल्या की मधली वाढ हेतुपूर्वक राखलेली आहे हे पाहणाऱ्याला आपोआप समजते. फलकावर तेथे दिसणाऱ्या वनस्पतींची मराठी नावे आणि त्यांवर येणाऱ्या कीटकांची नावे लिहावीत. त्याच पट्ट्याच्या कोपऱ्यात रुई आपोआप उगवली असेल तर राहू द्यावी, तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. लिंबू, कढीपत्ता आणि पपनस लावता आले तर उत्तमच. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेले ब्लू मॉर्मन याच कुळातील झाडांवर अंडी घालते. अळ्यांनी पाने खाल्ली म्हणून कोणी औषध मारू नये, एवढे मात्र माळीमामांना समजावून सांगावे लागेल. खरे तर त्यांना समितीतच घ्यावे. कोणते झाड कोणत्या आठवड्यात फुलते आणि कोणत्या भिंतीला कुंभारीण माशी मातीची घरे बांधते, हे आवारात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

गवताची कापणी बी पडून गेल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस करावी आणि त्या वेळीही अर्धाच पट्टा कापावा. उरलेल्या अर्ध्यात कोष आणि अंडी असतात. कापलेले गवत जाळू नये. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी, एकाच जागी दहा मिनिटे उभे राहून फुलांवर आलेले कीटक मोजण्याची वही सुरू करावी, आणि भोपळ्याच्या चौदा फुलांचा हिशेब त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. दोरे बांधलेल्यांपैकी किती फळे धरली, ते येथे अवश्य कळवावे.

कृष्णाकाठ

चौदापैकी अकरा धरली. दोरा न बांधलेल्या सोळा फुलांपैकी तीन. माळीमामा सोमवारच्या बैठकीला येणार आहेत आणि पेट्यांची खरेदी समितीने तूर्त बाजूला ठेवली आहे.